सम्राटचा डावा खांदा

कोडोलीच्या एसटी स्टँडसमोर सम्राट पोवारचा फ्लेक्स लागला, त्या दिवशी सम्राट लष्करी रुग्णालयात डावा हात गळ्यात बांधून खाटेवर बसला होता. फ्लेक्सवर त्याचा वर्दीतला फोटो, खाली गल्लीतल्या पोरांचे बारके बारके फोटो आणि मध्ये मोठ्या अक्षरांत 'पॅरा कमांडो सम्राट पोवार यांचे हार्दिक अभिनंदन'. आण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, तो मोबाइलवर पाठवला आणि मागोमाग फोन केला.

"बघितलास का? समदं गाव बघालंय."

"आण्णा, मी अजून झालो न्हाय. आत्ताच कशाला लावलासा?"

"हुतोसच की आता. ऱ्हायलंय काय त्यात?"

"बघू," म्हणून सम्राटनं फोन ठेवला. ट्रेनिंगमधून त्याचं नाव आधीच कमी झालं होतं. शेजारच्या वॉर्डात त्याचा जोडीदार पंचाक्षरी मांडीचं हाड मोडून पडला होता. यातलं काहीच तो बापाला बोलला नव्हता.

खांद्याचं दुखणं मात्र बापाला ठाऊक होतं. किंबहुना त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

आण्णा तरुणपणी तालमीत होते. स्वतः फार पुढं गेले नाहीत, म्हणून पोराला लहानपणीच लाल मातीत उतरवलं. सम्राट चांगला खेळायचा. अकरावीला असताना एका जत्रेच्या मैदानात समोरच्या पैलवानानं त्याचा डावा हात मागं पिळला आणि खांदा निखळला. पोरगं मातीतच वाकडं होऊन पडलं. आण्णांनी त्याला दवाखान्यात न नेता पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका वाडीत हाडवैद्याकडं नेलं. त्यानं काखेत पाय देऊन हात ओढला, खांदा जागेवर बसवला, वर पाला बांधला. येताना मोटारसायकलवर आण्णा मागं न बघताच म्हणाले, "हे कुणाला सांगायचं न्हाय. उद्या भरतीला उभारशील, डॉक्टर इचारतील. कागदावर आलं की संपलं समदं."

सम्राटनं कुस्ती सोडली आणि पळायला लागला. भरतीच्या मेडिकलला डॉक्टरनं हात वर करायला लावले, गोल फिरवायला लावले. "जुनी काही दुखापत?" असं विचारलं. सम्राट "नाही साहेब" म्हणाला. हात व्यवस्थित फिरत होता, त्यामुळं आपण खोटं बोललो असं त्याला त्या वेळी वाटलंसुद्धा नाही. तो पायदळात भरती झाला. गावात मिरवणूक निघाली, आईनं ओवाळलं, धाकटी बहीण वर्षाराणी मैत्रिणींना त्याचा फोटो दाखवत हिंडली.

पलटणीत असताना खांदा आणखी एकदा निसटला. व्हॉलीबॉल खेळताना हात वर नेला आणि आत काहीतरी सरकलं. तो पोटात दुखतंय म्हणून बाथरूमकडं गेला, दाराची कडी लावली, खिडकीच्या गजाला हात अडकवून खाली बसला आणि दात आवळून खांदा स्वतःच बसवला. बाहेर आला तेव्हा शर्ट घामानं भिजला होता. कुणी काही विचारलं नाही. त्या दिवसापासून तो डाव्या कुशीवर झोपायचा बंद झाला.

पुढं पॅरा कमांडोंसाठी स्वेच्छेनं नावं मागवली गेली, तेव्हा त्यानं नाव दिलं. पळण्यात, वजन घेऊन चालण्यात पलटणीत त्याच्या पुढं फार कुणी नव्हतं. पुन्हा मेडिकल झालं, जास्त बारकाईनं. तोच प्रश्न आला आणि त्यानं तेच उत्तर दिलं. या वेळी मात्र आपण खोटं बोलतोय हे त्याला बोलतानाच कळलं. खोलीबाहेर येऊन तो नळावर बराच वेळ तोंड धूत राहिला.

ट्रेनिंगमध्ये प्रत्येकाला एक जोडीदार असतो. खाणं, झोपणं, चालणं सगळं त्याच्याबरोबर. सम्राटला मिळाला पंचाक्षरी, गडहिंग्लजचा. घरी कन्नड, बाहेर मराठी, गल्लीच्या तोंडाला किराणा दुकान, वडील नाहीत. दुकान आई, शांतादेवी, चालवायची. पंचाक्षरी मोजकं बोलायचा, पण त्याचं सगळीकडं लक्ष असायचं. पहिल्याच आठवड्यात त्यानं विचारलं, "तू शर्ट घालताना डावा हात आधी का घालतोस? आणि झोपतोस नेमका उजव्या कुशीवर. खांदा दुखतोय काय?"

"सवय हाय."

नंतर एकदा दोराचा सराव झाल्यावर सम्राट खांदा चोळत बसला होता. पंचाक्षरी शेजारी येऊन टेकला.

"मर्दा, काय असंल तर सांग. मला तुझ्या हाताला लोंबकळायचं हाय."

"काय न्हाय रं. जरा आखडलाय."

पंचाक्षरीनं मान हलवली आणि विषय सोडला.

आठवड्याभरानं एका डोंगरावर कड्याचा सराव होता. कडा फार उंच नव्हता. पहिल्यानं वर जायचं, पालथं पडून हात खाली सोडायचा, खालच्याचं मनगट धरायचं आणि त्याला पाठीवरच्या वजनासकट ओढून घ्यायचं. सम्राट आधी वर गेला. उजव्या बाजूला खडक पुढं आला होता, म्हणून हात डावा सोडावा लागला. त्या क्षणी तो खालच्याला थांब म्हणू शकत होता, जागा बदलू शकत होता. मागं लोक खोळंबले होते, शिकवणारा उस्ताद ओरडत होता. तो काही बोलला नाही. पंचाक्षरीनं त्याचं मनगट धरलं, पाय खडकावरून उचलले आणि सगळा भार हातावर आला. खांदा निखळला. बोटांतला जोरच गेला. सम्राटला पंचाक्षरीचं तोंड दिसलं. त्यावर भीती नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. मग तो खाली दगडावर पडला.

रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरनं सम्राटचा खांदा बसवला आणि विचारलं, "हे पहिल्यांदाच झालं?"

पंचाक्षरी तेव्हा ऑपरेशन थिएटरमध्ये होता. त्याची रक्तानं भिजलेली पँट कापून काढताना सम्राटनं पाहिलं होतं. तरीही तो म्हणाला, "हो साहेब. पहिल्यांदाच."

पुढं कित्येक दिवस सम्राटला कड्यापेक्षा हेच जास्त आठवायचं. कड्यावर हात सुटला, तो त्यानं सोडला नव्हता. इथं मात्र हात गळ्यात होता, घाई नव्हती, कुणी ओरडत नव्हतं, आणि तो खोटं बोलला होता.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या फिल्म आल्या. डॉक्टर त्या उजेडावर धरून बराच वेळ बघत होता. मग खुर्ची ओढून समोर बसला.

"हा खांदा पूर्वी निखळलेला आहे. किती वेळा?"

"दोनदा, साहेब. कालचं तिसरं."

"कधीपासून?"

सम्राटनं सगळं सांगितलं. जत्रा, हाडवैद्य, बाथरूमचा गज. डॉक्टर चिडला नाही.

"पलटणीत दुसऱ्यांदा निखळला, तेव्हाच आलास असतास तर ऑपरेशन केलं असतं. काही महिने व्यायाम, मग तपासणी, मग पुन्हा पूर्ण फिट. त्यानंतर नाव दिलं असतंस तर आम्ही तुझा विचार केला असता. असे लोक मी पाठवलेत. तुझा खांदा तुला नडला नसता."

याहून त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं सम्राटला वाटलं.

त्याला मूळ पलटणीत परत पाठवलं. कागदावर शेरा बसला, समज मिळाली. खांद्याचं ऑपरेशन झालं. पंचाक्षरीच्या मांडीत सळई घातली. तो चालायला लागणार होता, पण पळायला नाही. त्याला स्टोअरच्या कामावर बसवणार हे नक्की झालं. जायच्या आधी सम्राट त्याच्या वॉर्डाच्या दारापर्यंत गेला. आत शांतादेवी पोराला चमच्यानं भात भरवत होती. सम्राट दारातूनच परतला.

ऑपरेशननंतरच्या सुट्टीत तो कोडोलीला आला. स्टँडवर उतरताच रिक्षावाल्यानं भाडं घ्यायला नको म्हटलं. घरात माणसं जमली होती. हाताला काय झालं विचारलं, तर आण्णाच म्हणाले, "ट्रेनिंगमधी लागलंय. तिथं चालायचंच." रात्रीची जेवणं झाल्यावर सम्राटनं आई आणि बापाला समोर बसवलं आणि नापास झाल्याचं सांगितलं. खांदा सांगितला. पंचाक्षरी आपल्या हातातून पडला, हे मात्र त्याच्या तोंडातून आलं नाही. जोडीदारही पडला एवढंच म्हणाला.

आण्णा भिंतीकडं बघत होते.

"वर्षाचं जमालंय," ते म्हणाले. "कागलचं पावणं. त्यांनी फ्लेक्सचा फोटो बघितलाय. पोराचं वडील सयाजीराव चौघात सांगत्यात, कमांडोच्या घरची सून आणतोय म्हणून. लगीन हू दे. मग सांगू."

"आण्णा, असंच करत आलोय आपण."

आण्णा उठले आणि दिवा मालवला. सम्राटही पुढं बोलला नाही. बापाला अडचणीत टाकायचं नाही, हे कारण त्यानं स्वतःला दिलं. गावात हिंडताना पोरं कमांडो म्हणून हाक मारायची आणि तो हात वर करायचा. एका अकॅडमीनं भाषणाला बोलावलं, तेव्हा ताप आलाय म्हणून तो दार लावून पडून राहिला.

लग्न कोडोलीतल्याच मंगल कार्यालयात होतं. नवरा मुलगा राजवर्धन कागलच्या एमआयडीसीत सुपरवायझर, साधा आणि हसतमुख. सम्राट सुट्टी काढून आला होता. आईनं त्याला न विचारताच पंचाक्षरीच्या घरी फोन करून आमंत्रण दिलं होतं. पोराच्या जोडीला पडलेला पोरगा, त्याला बोलवायला नको का, एवढाच तिचा विचार.

पंचाक्षरी आला. हातात काठी, शेजारी इरकल लुगड्यातली शांतादेवी. सम्राटला तो दारातच दिसला. "ये," एवढंच तो म्हणाला. पंचाक्षरी म्हणाला, "आलो."

सयाजीराव, म्हणजे नवऱ्या मुलाचे वडील, मोठ्या आवाजाचे, मनमोकळे. लंगडणारा तरणा गडी बघून त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली आणि समोर बसले. सम्राटचाही दंड धरून त्याला बसवलं.

"पावणं, तुमीबी आमच्या सम्राटगत कमांडोच की काय?"

"न्हाय," पंचाक्षरी म्हणाला. "ट्रेनिंगमधी पडलो. कड्यावरनं."

"आरं आरं. कसं काय?"

पंचाक्षरी काठीच्या मुठीवर हात ठेवून बसला होता. त्यानं सम्राटकडं बघितलं.

"ह्याला इचारा. वर ह्योच होता."

आजूबाजूला चार-पाच पावणे होते. आण्णा अक्षतांचं ताट घेऊन दोन हातांवर उभे होते. सम्राटला वाटलं, काहीतरी हसण्यावारी न्यावं, उठून जावं, जेवणाचं बघतो म्हणावं. शांतादेवी त्याच्याकडं बघत होती.

"त्यानं माझा हात धरलेला," सम्राट म्हणाला. "माझा खांदा आधीच निकामी होता. ह्यानं मला दोनदा इचारलं, मी काय न्हाय म्हटलं. डॉक्टरलाबी खोटं सांगितलं. खांदा निखळला, ह्यो पडला. मी कमांडो न्हाय झालो. मला काढलं."

सयाजीरावांचा हात त्याच्या दंडावर होता. तो त्यांनी काढून घेतला. झटकून नव्हे, सावकाश. "असं व्हय," ते म्हणाले आणि थोड्या वेळानं उठून आपल्या माणसांत गेले.

लग्न लागलं. कुणी मोडायची भाषा केली नाही, कुणी वाकडा शब्द बोलला नाही. फक्त नवरीच्या भावासाठी कागलकरांनी खास आणलेला मानाचा फेटा सम्राटला न बांधता त्याच्या मामाला बांधला गेला. मामाला काय झालंय ते कळेना, तो दोनदा म्हणाला, "आरं, सम्राटला बांधा की." कुणी ऐकलं नाही. सम्राट पंगतीत वाढत राहिला, आमटीची बादली उजव्या हातात घेऊन. निरोपाच्या वेळी वर्षाराणी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. त्याच्यापुढं आली तेव्हा कानाशी म्हणाली, "आजच सांगायचं हुतंस? का आधी न्हाय?" आणि पुढं गेली. दिवाळीपर्यंत तिनं त्याचा फोन घेतला नाही.

आण्णा त्या दिवशी मुदपाकखान्याच्या मागं पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते. सम्राट शोधत तिथं गेला. त्यांना पंचाक्षरीबद्दल आत्ता कळलं होतं.

"त्या पोराचा पाय... तुझ्या हातनं?"

"व्हय."

आण्णांनी उपरणं तोंडावर धरलं. मग म्हणाले, "तुझ्या न्हाय. माझ्या."

लग्नाची आवराआवर झाल्यावर त्यांनीच गडहिंग्लजला जायचं काढलं. सम्राटची सुट्टी संपत आली होती. दोघं एसटीनं गेले. दुकान उघडं होतं. शांतादेवी गिऱ्हाइकाला गूळ जोखून देत होती. तिनं त्यांना ओळखलं, हातातलं काम पुरं केलं आणि मग आत बोलावलं. पंचाक्षरी आतल्या खोलीत पाय लांब करून बसला होता.

आण्णा उभेच राहिले. "ताई," ते म्हणाले, "ह्याला गप बस म्हणणारा मी. ह्यो शाळेत हुता तवा. मी तवाच दवाखान्यात नेला असता, तर तुमचं पोरगं आज उभं असतं."

शांतादेवीनं पदर सावरला. "पोरं आईबापाला लई गोष्टी सांगत न्हाईत. माझंबी सांगत न्हाय. आईबापबी दडवत्यात. पर त्यात दुसऱ्याच्या पोराचा पाय गेला, दादा. त्याला मी काय म्हणू?" मग ती आत गेली आणि ताटं घेऊन आली. "बसा. जेवल्याशिवाय कुणाला पाठवत न्हाय आम्ही."

भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी. आण्णांना घास उतरेना. त्यांनी पाणी पिऊन पिऊन ताट संपवलं, कारण त्या बाईच्या घरी अन्न टाकायची त्यांची हिंमत नव्हती.

सम्राटनं पंचाक्षरीला म्हटलं, "मला माफ..."

"ते नको," पंचाक्षरीनं त्याला अडवलं. "तू मागितलीस की मला दिल्यागत करावं लागतंय. मला अजून जमत न्हाय ते. पडल्याचं मला एवढं न्हाय. पडत्यात लोक. मी इचारलं हुतं तुला. मला ठाऊक असतं तर मी दुसरा हात मागितला असता, न्हायतर दोर मागितला असता. ते ठरवायचं माझं हुतं."

निघताना पंचाक्षरी काठी टेकत दुकानाच्या पायरीपर्यंत आला, एवढं मात्र झालं.

ऑपरेशन केलेला खांदा हळूहळू भरला. सम्राट रोज न चुकता व्यायाम करायचा, कुणी सांगावं लागलं नाही. वर्ष उलटल्यावर त्याला पूर्ण फिट ठरवलं. आणखी काही महिन्यांनी पॅरा कमांडोंसाठी पुन्हा नावं मागवली गेली. शेरा बसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा कोण पाठवणार, म्हणून तो त्या वाटेला गेला नव्हता. पण पलटणीच्या साहेबांनीच बोलावून विचारलं. त्यानं आधी पंचाक्षरीला फोन लावला.

"जा की," पंचाक्षरी म्हणाला. "मी काय अडवलोय तुला?" मग म्हणाला, "जो कोण जोडीदार मिळंल, त्याला आधी सांग."

मेडिकलला तोच प्रश्न आला. सम्राटनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. खांदा, हाडवैद्य, खोटं, कडा. नवा डॉक्टर ऐकत राहिला. त्यानं खांदा सगळ्या बाजूंनी ओढून, दाबून, वजन लटकवून बघितला, वरिष्ठांना दाखवला. "फिट आहेस तू," तो शेवटी म्हणाला. ज्या शब्दासाठी सम्राट इतकी वर्षं खोटं बोलत आला होता, तो खरं सांगून मिळाला. त्याला आनंद झाला नाही. त्याच्या डोळ्यांपुढं पंचाक्षरीची काठी आली.

ट्रेनिंगला या वेळी त्याला गढवालचा एक पोरगा जोडीदार मिळाला. पहिल्याच संध्याकाळी सम्राटनं त्याला सगळं सांगितलं. पोरगा ऐकून घेत बुटाच्या नाड्या बांधत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं उस्तादाकडं जाऊन जोडीदार बदलून मागितला आणि त्याला तो मिळाला. सम्राटला राग आला नाही. त्या पोरानं जे केलं, ते करायची सोय आपण पंचाक्षरीला ठेवली नव्हती, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि बराकीत सगळ्यांसमोर आपली गादी उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेताना त्याचे कान तापले.

खांदा शेवटपर्यंत टिकला. पण वजन घेऊन चालायच्या लांबच्या परीक्षेत तो वेळेत पोचला नाही. पोटऱ्यांना गोळे आले, बस्स. त्याच्याबरोबर आणखीही बरेचजण गळाले. तो परत आपल्या पलटणीत आला. आता तो बढती मिळून नाईक झाला आहे. सणावाराला, पंचाक्षरी सुट्टीवर घरी असतो तेव्हा, गडहिंग्लजला फोन करतो. कधी पंचाक्षरी उचलतो, कधी शांतादेवी उचलून दुकानात गर्दी आहे म्हणते.

फ्लेक्स लग्नानंतर आण्णांनीच उतरवला होता. तरी गावात अजून कुणीतरी विचारतं. परवा दूध डेअरीपुढच्या रांगेत एकानं विचारलं, "काय आण्णा, पोरगं कमांडो झालं न्हवं?"

"न्हाय झालं," आण्णा म्हणाले. समोरच्याला वाटलं ते पुढं काहीतरी सांगतील. आण्णांनी खाली बघत किटलीचं झाकण काढलं आणि दूध मापायला पुढं केलं.